मंगळवारी राब भाजणार

"आधी झाडं मारायची, मग पाऊस नाही म्हणून रडायचं. गंमतच आहे."

हे माझ्या मागून आलं. मी वळून पाहिलं नाही, पण आवाज आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी मॅडमचा होता. फाल्गुनातला रविवार, सकाळचे सात-सव्वासात. भूगावात आमच्या इमारतींच्या मागे जो उतार आहे, तिथे आम्ही पंधरा-वीस जण एका बांधापाशी थांबलो होतो. बांधावर ऐनाची पाच झाडं होती आणि पाचांच्याही फांद्या वीतभर खुंट ठेवून छाटलेल्या होत्या. लांबून ती झाडं नाहीत, खांब वाटावेत.

"फोटो घे गं," मॅडम मला म्हणाल्या. "जवळून घे. घाव दिसले पाहिजेत."

मी घेतला. जवळून घेतल्यामुळे झाडाचा शेंडा त्यात आला नाही. शेंडा होता, पाचही झाडांचा जागेवर होता. तो राखायचाच असतो. मला हे माहीत होतं, कारण माघात ही झाडं माझ्या मामाने छाटली तेव्हा खाली पडलेल्या फांद्यांच्या मोळ्या बांधायला मी तिथेच होते. मनगटावर त्या दिवशीचा एक ओरखडा अजून पुसटसा दिसत होता. मी बाही खाली ओढली.

या रविवारच्या फेऱ्या आमच्याकडे दोन वर्षांपासून चालतात. ए विंगमधले एक काका, कॉलेजात शिकवून निवृत्त झालेले, त्या काढतात. वसंतात दर रविवारी. काटेसावर फुलली की तिच्यावर कोण कोण येतं ते बघायला, करवंदीच्या जाळीपाशी नुसतं उभं राहून वास घ्यायला, तांबट कुठे बसून ठोकतोय ते शोधायला. मुलांना पानं गोळा करायला लावतात. गॅलरीत पक्ष्यांसाठी पाण्याची भांडी ठेवा म्हणून घरोघर जातात. मला माणसांच्या घोळक्यात काय बोलावं ते कधीच सुचत नाही. पण त्या फेरीत सगळे वर बघत असतात, त्यामुळे न बोलणं खपून जातं. काकांनी त्यांची जुनी दुर्बीण मला वापरायला दिली होती. एकदा त्यांनी एका झाडाचं नाव विचारलं, कुणाला येईना, आणि माझ्या तोंडून "किंजळ" निघून गेलं.

"अरे वा. तुला कसं माहीत?"

"पुस्तकात वाचलं," मी म्हणाले.

ते मामाने शिकवलं होतं. मी सहा वर्षांची असताना, त्याच्या खांद्यावर बसून.

मामाचं गाव म्हणजे आमच्या मागच्या भिंतीपलीकडचा उतार आणि त्याखालची घरं. आईचं माहेर. बाबांची नोकरी हिंजवडीला. इकडे फ्लॅट घेताना आईने एकच अट घातली होती, की गॅलरीतून माहेर दिसलं पाहिजे. ते दिसतं. मामाचं भाताचं खाचर, बांधावरचे ऐन, त्याचं निळं पत्र्याचं छप्पर. सोसायटीत हे कुणाला ठाऊक नव्हतं. आम्ही लपवलं असं मी म्हणणार नाही. आधी कुणी विचारलं नाही. नंतर एकदा लिफ्टमध्ये दोघी जणी बोलत होत्या, "हे गाववाले ना, यांना एकदा आत येऊ दिलं की संपलं," आणि पाचवा मजला येईपर्यंत मी लिफ्टच्या बटणांकडे बघत राहिले. त्यानंतर सांगायला उशीर झाला होता. शाळेच्या व्हॅनमध्येही मी अशीच होते. सुट्टीत मामीची बोली तोंडात बसायची आणि जूनमध्ये ती गिळून टाकावी लागायची.

सोसायटीचं मासिक पत्रक मी काढते. दोन पानं, एक इंग्रजी, एक मराठी. "तुझं इंग्लिश छान आहे आणि तू भांडत नाहीस," असं म्हणून मॅडमनी ते माझ्याकडे दिलं. टाकीची सफाई, लिफ्टची दुरुस्ती, कुणाची किल्ली सापडली, आणि खाली एक चौकट, या महिन्यात काय फुललं. ती चौकट मला आवडते. बाकीचं मी सांगितलं तसं लिहिते.

गेल्या वर्षी मागचं फाटक बंद केल्याची सूचनाही मीच लिहिली. त्या फाटकातून आई पाच मिनिटांत माहेरी पोचायची. आता पुढच्या गेटने बाहेर पडून, हायवेच्या कडेने, गावच्या कमानीतून आत, अर्धा तास लागतो. पत्रक तिने वाचलं, घडी करून फ्रिजवर ठेवलं आणि म्हणाली, "चांगलं लिहिलंयस." मला वाटतं ती खरंच तसं म्हणत होती.

फाटक बंद झाल्यावर मामा आंबेमोहोर घेऊन पुढच्या गेटवर आला होता. मी तेव्हा काका, मॅडम आणि अजून दोघांबरोबर गेटपाशीच उभी होते. मामाने गाडी लावली, पोतं उतरवलं. त्याने मला पाहिलं, माझ्याभोवतीची माणसं पाहिली आणि वॉचमनला म्हणाला, "बी पाचशे दोनला द्या." रजिस्टरमध्ये सही केली आणि गेला. मी हात वर केला नाही. त्याने तो वर करायची वेळच माझ्यावर येऊ दिली नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं.

तर त्या रविवारी फेरी संपल्यावर सगळे क्लबहाउसमध्ये चहाला बसले. मॅडम म्हणाल्या, या महिन्यात पहिल्या पानावर हेच. झाडांचा फोटो. आणि गेल्या वर्षी त्याच शेतात आग लावली होती, आठवतंय ना, सगळ्यांच्या चादरींवर काजळी बसली होती, एकीच्या मुलाला दोन दिवस खोकला होता. आता पुन्हा तिथे ढीग रचायला लागलेत. त्याआधीच पंचायतीला आणि वनखात्याला पत्र द्यायचं. सह्या शनिवारच्या मीटिंगमध्ये. पत्रकाचा मजकूर तिथेच वाचून दाखवायचा, म्हणजे लोक सह्या करतील.

"पण नक्की कशासाठी तोडलीत, ते विचारावं का एकदा?" काका म्हणाले.

"कुणाला विचारणार सर? ते काय आपल्याशी बोलणार आहेत?" मॅडम माझ्याकडे वळल्या. "तू लिहिशील ना? जरा कडक."

मी मान हलवली. मान हलवायची मला सवय आहे.

चार दिवस मी लिहीत आणि खोडत होते. खोलीत बसलं की खिडकीतून ते खाचर दिसायचं, म्हणून मी टेबल भिंतीकडे वळवलं. मग भिंत दिसायची. लिहिलं नाही तर दुसरं कोणीतरी लिहिणार. लिहिलं तर माझ्या हाताने मामाचा राब, म्हणजे रोपांसाठी जमीन भाजणं, बंद होणार. खरं सांगितलं तर इतके दिवस का गप्प होतीस, हे आधी विचारणार. मी तिन्ही वाटांनी जाऊन पुन्हा त्याच टेबलापाशी यायचे.

गुरुवारी आईबरोबर लांबच्या वाटेने मामाकडे गेले. तो राब रचत होता. खाचराच्या एका कोपऱ्यात, जिथे रोपं करायची तेवढीच जागा. खाली शेणाचा थर, त्यावर माघातल्या वाळलेल्या फांद्या, त्यावर पातेरा म्हणजे वाळका पाला, गवत आणि सगळ्यात वर चाळल्यासारखी बारीक माती. ही माती आग दाबून ठेवते. ज्वाळा उठत नाहीत, राब आतल्या आत धुमसतो, खालची जमीन भाजून निघते आणि तणाचं बी मरतं. मी चप्पल काढून घमेली उचलायला लागले.

"ऱ्हाऊ दे पोरी, हात काळं व्हतील. तिकडं कॉम्प्युटरला लागतील."

"लागू देत."

"लागू देत म्हनती," मामा आईला म्हणाला. "तुझ्यासारखीच हाय. आदी तोंड न्हाई उघडायची, उघडलं की एकच शबूद."

मी माती पसरत म्हणाले, "मामा, एखाद्या वर्षी राब नाही भाजला तर?"

"तर काय? तण माजतं लई. रोप पिवळं पडतं. रोप न्हाई तर भात न्हाई." त्याने माझ्याकडे पाहिलं. "का गं?"

सांगायला हीच जागा होती. आई खाली मोळी सोडत होती. वर आमच्या इमारतीच्या गॅलऱ्या दिसत होत्या, त्यात वाळत घातलेले कपडे. मी म्हणाले, "असंच."

मामाने हातातलं घमेलं पालथं केलं. मग कंबर सरळ करत म्हणाला, "तुझ्या त्या कागदात माझं एक छापशील का?"

"काय?"

"मंगळवारी राब भाजनार हाय. सकाळच्या पारी, वारं उटायच्या आत. त्यांना म्हनावं तेवडा वेळ खिडक्या लावा, कापडं वाळत घालू नगा. गेल्या साली वाचमनला सांगून आलो व्हतो. त्यानं वहीत ल्हिवलं बी. पर ती वही कोन वाचतंय?"

तो वॉचमनला सांगून गेला होता, हे मला माहीत नव्हतं. इथली रीतच आहे. राब भाजायच्या आधी चारही बांधांवरच्या शेजाऱ्यांना जाऊन सांगायचं, सांगितल्याशिवाय काडी लावायची नाही. मग ते त्या वेळी हिरव्या टहाळ्या आणि पाण्याची कळशी घेऊन आपापल्या बांधावर उभे राहतात, ठिणगी पलीकडे जाऊ नये म्हणून. मामाच्या तीन बांधांवर अजून शेतं आहेत. चौथ्या बाजूला आम्ही.

"शेजारी हायेत न्हवं का ते," तो म्हणाला. "सांगाया पायजे."

"मामा, त्यांना धुराचा त्रास होतो."

"व्हनारच. म्हनून तर सांगतुया." आणि पुन्हा खाली वाकला.

शनिवारी क्लबहाउसमध्ये तीस-पस्तीस जण होते, म्हणजे नेहमीपेक्षा बरेच. टेबलावर पत्र होतं आणि त्यावर पेन आडवं ठेवलेलं. माझ्या हातात पत्रकाचा कागद. पहिल्या पानावर तो फोटो आणि कडक मजकूर, मॅडमना हवा होता तसाच. तो मी शुक्रवारी लिहून टाकला होता. उलट्या बाजूला, चौकटीच्या जागी, पेन्सिलीने मामाचं वाक्य. एकाच कागदाला दोन बाजू, आणि मला एक वाचायची होती.

"सुरू कर," मॅडम म्हणाल्या. "आधी किरकोळ वाच, मग मेन."

मी टाकीच्या सफाईचं वाचलं. लिफ्टचं वाचलं. डी विंगपाशी सापडलेल्या मुलाच्या चष्म्याचं वाचलं, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "आमचाच असणार, तिसरा आहे हा." लोक हसले. माझा आवाज लहान आहे, मागच्या रांगेतून दोनदा "जरा मोठ्याने" असं आलं. मग फोटो आला. मॅडमनी तो आधीच मोठा करून भिंतीवर लावला होता. खुंट, घाव, आणि वरून कापलेली चौकट. ती मीच कापली होती.

"काय झालं?" मॅडम हळूच म्हणाल्या. "वाच ना. घाबरू नकोस, सगळे आपलेच आहेत."

मी फोटोकडे बघत राहिले. सगळ्यात पुढे काका बसले होते. त्यांच्या गळ्यात तीच दुर्बीण होती, त्या सकाळी मी परत केलेली. का परत करतेस, असं त्यांनी विचारलं नव्हतं. मी कागद दोन्ही हातांनी धरला होता. नखांत अजून काळी माती होती. दोनदा साबण लावूनही गेली नव्हती.

"जरा मोठ्याने," मागून पुन्हा आलं, मी काहीच बोलले नव्हते तरी.

मी कागद उलटा केला.

"मंगळवारी सकाळी मागच्या शेतात राब भाजणार आहेत," मी म्हणाले. "वारं सुटायच्या आत संपेल. तेवढा वेळ खिडक्या लावून घ्या, कपडे वाळत घालू नका. झाडं मेलेली नाहीत, शेंडे राखलेत, फोटोत ते मी येऊ दिले नाहीत. आणि ते शेत माझ्या मामाचं आहे."