रोह्यात चालू, पेणमध्ये बंद

आमच्या आळीत पहिला कॉम्प्युटर आला तो माझ्याकडे, आणि त्याचा तोरा मी इतका मिरवला की पेणमधल्या बायका मला वाण्याच्या दुकानातसुद्धा पुढे जाऊ देत. लग्नपत्रिका, प्रश्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा मी घरबसल्या मराठीत टाइप करून देत असे. नवरा नागोठण्याजवळच्या कंपनीत शिफ्टला, सासूबाई ओटीवर, आणि मी पडवीतल्या टेबलापाशी पाठ ताठ करून बसलेली, जणू विमान चालवतेय.

त्या विमानानं एका ऑक्टोबरात, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, उडायला नकार दिला.

बटण दाबलं. पंखा घरघरला. काळ्या पडद्यावर रोजच्यासारखे आकडे धावले. आणि मग, एरवी जिथे माझं काम दिसायचं तिथे, एक निळाशार पडदा येऊन बसला. त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत एक यादी, आणि वर एक धमकी, की इथे चुकीचा हात लावलात तर परिणामांना तुम्ही जबाबदार. मी हात लावला नाही. बंद केलं, पुन्हा चालू केलं. आकडे, निळा पडदा, धमकी. असं मी सकाळच्या चहापासून दुपारच्या भातापर्यंत केलं. सासूबाई शेवटी म्हणाल्या, "त्यालापण दसऱ्याची सुटी हवी असंल गो. राहू दे आज."

राहू देणं शक्य नव्हतं, कारण त्या डब्यात मास्तर होते.

मास्तर म्हणजे आमचे शेजारी. माझ्या नवऱ्याला त्यांनी गणित शिकवलं होतं आणि नवऱ्याचं गणित पाहता ते फार सहनशील असणार. ते ज्यू, पण बोलायला लागले की कुणीही म्हणावं, खाडीकाठच्या गावचा म्हातारा. त्यांच्या मंडळींना इकडे शनिवार तेली म्हणत. घाणा चालवायचा आणि शनिवारी तो बंद ठेवायचा, हा त्यांचा पिढ्यानपिढ्यांचा नेम. घाणे कधीच गेले. मग एकेक घर इस्रायलला गेलं. मास्तरांची मुलगीही गेली, आणि आता पुढच्या सोमवारी सकाळी मास्तर पेण सोडणार होते.

जाण्याआधी त्यांना एक गोष्ट करायची होती. आसपासच्या कुठल्या गावात त्यांच्या माणसांचं कोणाचं घर होतं, कोणाचा घाणा कुठे, कोणाची मुलगी कुठे दिलेली, विहीर कोणाच्या आवारात, हे सगळं आता फक्त त्यांच्याच डोक्यात उरलं होतं. हात कापायचा म्हणून लिहिता येत नव्हतं. तेव्हा सगळा पावसाळा ते शनिवार सोडून रोज चार वाजता येऊन माझ्या शेजारी बसले. ते सांगत आणि मी टाइप करी. "आमच्या आडनावात गाव असतं," ते म्हणायचे, "पण नातवंडांना गावच ठाऊक नसलं तर नुसत्या आडनावाचं काय करायचं?" साठावर पानं झाली होती. मुलगी मराठी वाचायची. ती नातवंडांना वाचून दाखवणार होती.

आणि छापलेलं एक पानही नव्हतं. हा दोष माझा. मास्तर म्हणायचे, झालंय तेवढं छाप. मी म्हणायची, रिबन नवी आणते, मग एकदम झकास छापू. रिबन आली, तर मास्तरांना आणखी एक घर आठवलं. असं करत करत खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा, म्हणजे विळा, कोयता, शिवणाचं मशीन आणि यंदा प्रथमच कॉम्प्युटर. पूजा झाली की हत्यार वापरायचं नाही. तेव्हा मी त्याच्यावर आच्छादन घातलं ते दसरा सरल्यावर मंगळवारीच काढलं. पुढचं मी सांगितलंच.

रोह्याला एक दुरुस्तीवाले होते. दिवसा तिथल्या केमिकल कंपनीत यंत्रांवरची दाबाची घड्याळं तपासायची आणि पहिली शिफ्ट सुटली की घरी कॉम्प्युटर उघडायचे. त्यांना फोन केला. ते म्हणाले, सगळं लटांबर कशाला आणता, नुसता डबा आणा, बाकीचं माझ्याकडे हाय.

बुधवारी डबा गोधडीत गुंडाळला आणि मांडीवर घेऊन रोह्याच्या गाडीत बसले. समोरच्या भाजीवालीनं कासू गावापर्यंत दम धरला, मग विचारलं की पोर एवढं गुंडाळलंय ते आजारी हाय का. मी म्हटलं, हो, दोन दिवस काही बोलत नाही. तिनं नागोठण्यापर्यंत मला एका मांत्रिकाचा पत्ता समजावून दिला. मी तो नीट ऐकून घेतला. मंगळवार तसा गेला असल्यावर माणूस कुठलाही पत्ता ऐकून घेतो.

दुरुस्तीवाल्यांनी डबा उघडला. रंगाच्या ब्रशनं धूळ झाडली, मेमरीच्या पट्ट्यांच्या कडा शाळेच्या खोडरबरानं घासल्या, एक चपटी बॅटरी काढून नवी घातली. मग त्यांचा पडदा जोडला, त्यांचा कीबोर्ड जोडला, बटण दाबलं. आकडे धावले आणि लगेच माझ्या कामाची यादी उभी. त्यात मास्तरांची फाइल. मी ती उघडून पाहिली. पहिल्या पानावर पहिलं गाव, पहिलं घर, सगळं जिथल्या तिथे. मला रडूच येणार होतं, पण मी वडापाव खाल्ला.

संध्याकाळी पेण. डबा टेबलावर, वायरी मागे. सासूबाई आणि मास्तर दोघेही पाहायला बसलेले. मी नाटकातल्या नटीसारखा हात फिरवून बटण दाबलं.

निळा पडदा.

गुरुवारी पुन्हा गोधडी. भाजीवाली भेटली, मांत्रिकाकडे न गेल्याबद्दल रागावली. रोह्यात पुन्हा बटण दाबलं तर मशीन पहिल्या झटक्यात चालू. बंद केलं, चालू केलं, दहा वेळा. दहाही वेळा शहाण्या मुलासारखं. दुरुस्तीवाले माझ्याकडे जरा निराळ्या नजरेनं पाहू लागले. सिनेमातल्या डॉक्टरची असते तशी, रोग्याला काहीच झालेलं नसताना.

"मशीन ओके हाय, बाई," ते म्हणाले. "तुमच्या पेणच्या करंटमध्ये लफडं हाय. अर्थिंग बघा."

मी म्हटलं, मग निदान हे इथेच छापून द्या. त्यांच्याकडे प्रिंटर नव्हता. फाइल फ्लॉपीवर उतरवून घेतली, पण मास्तरांच्या मुलीच्या घरी ती कोण उघडणार? माझ्या मराठी सॉफ्टवेअरखेरीज ती अक्षरं म्हणजे नुसते ठोकळे आणि चांदण्या. बरं, उद्या प्रिंटर मांडीवर घेऊन येते, तर शुक्रवारपासून कंपनीचं शटडाउन, हे गृहस्थ रविवार रात्रीपर्यंत घरी उगवणार नव्हते. परतीच्या गाडीत मी डबा मांडीवर आवळून धरला. जी वस्तू रोह्यात चालते ती तीस-पस्तीस किलोमीटर उत्तरेला आणली की संप करते, हा अपमान आहे, आणि तो व्यक्तिशः माझा आहे, असं मला वाटत होतं.

शुक्रवारी वायरमन आला. अंगणात कमरेइतका खड्डा खणला, त्यात लोखंडी नळी, कोळशाचा थर, मिठाचा थर, कोळसा, मीठ. मीठ आमच्याकडे काही महाग नाही, पण सासूबाईंनी ते पोतं असं पाहिलं की जणू त्यांच्याच लोणच्यातलं काढलं. वायरमननं सांगितलं, खड्ड्यात रोज पाणी ओता, ओल राहिली पाहिजे. सासूबाई तुळशीला घालून उरलेलं पाणी तिथे ओतू लागल्या आणि ओतताना हातही जोडू लागल्या. शुक्रवारी संध्याकाळी बटण दाबलं.

त्या निळ्या रंगाची साडी मी आजही घेत नाही.

शनिवारी दुपारी मास्तर आले. शनिवारी ते यायचे नाहीत. आले तरी पंख्याचं बटणसुद्धा दाबायचे नाहीत, त्यांचा शब्बाथ. सासूबाईंकडे बघून म्हणाले, "कामाला नाही आलो. वहिनींचा निरोप घ्यायला आलोय." पण डोळे टेबलाकडे. मी सांगितलं की मास्तर, मी हरले. चार दिवस, दोन फेऱ्या आणि एक पोतं मीठ.

ते खुर्ची ओढून बसले आणि दोन्ही हात मागे घेऊन एकात एक अडकवले. "मी हात लावणार नाही," म्हणाले, "आणि तुला काही करायलाही सांगणार नाही. तू आपली रोज करतेस तसं कर. मी बघतो."

मी केलं. ते बघत राहिले. पुन्हा केलं. पुन्हा बघत राहिले. हे सात-आठ वेळा झाल्यावर माझी सहनशक्ती संपली. आम्ही सगळे, मी, दुरुस्तीवाले, वायरमन, इतके दिवस बघत कुठे होतो? आमचे हात इतके चालू होते की डोळ्यांना काम नव्हतं. आणि हा म्हातारा, ज्याचे हात त्याच्या देवानं बांधलेले, तो त्या काळ्या पडद्यावरची ओळ न् ओळ वाचत होता, पेपर तपासल्यासारखी.

"आकड्यांच्या खाली एक ओळ येते," ते म्हणाले. "दोन सेकंद राहते. सेटिंगमध्ये, म्हणजे या निळ्या पडद्यात, जायचं असेल तर डिलीटचं बटण दाबा, असं लिहिलंय. ती तू वाचलीस?"

मी म्हटलं, ती रोजच येते, तिच्याकडे कोण बघतं.

"मग तू डिलीट दाबलंस?"

"नाही."

"मग कोणी दाबलं?"

सासूबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

मास्तरांनी आणखी एकच विचारलं, की रोह्याला काय काय नेलं होतंस. मी म्हटलं, डबा. आणि ते म्हणताना माझी नजर कीबोर्डवर गेली, जो आठवडाभर घर सोडून कुठे गेलेला नव्हता. उजवीकडचं डिलीटचं बटण शेजारच्या बटणांपेक्षा तसूभर खाली बसलेलं. मी नखानं उचकटलं. वर येईना. कीबोर्ड उलटा करून टेबलावर आपटला, तशी बटणाच्या कडेतून एक कुंकवात माखलेला तांदूळ निघाला आणि टेबलावर टुणकन उडाला.

खंडेनवमीची अक्षता.

मी वळून सासूबाईंकडे पाहिलं. खरं सांगते, त्या क्षणी मला फार बरं वाटलं. आठवडाभराचा राग ठेवायला एक जागा सापडली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी डब्याला कुंकू लावलं. अक्षता तू टाकल्यास. हत्यार तुझं, म्हणून मूठभर टाकल्यास. मी सांगत होते, चार दाणे पुरे."

त्या खरं बोलत होत्या. टाकताना मी हात कपाळापर्यंत नेला होता आणि मग वरून वर्षाव केला होता. वर आच्छादन घालून दाबून बसवलं होतं, तेही मीच.

बटण दाबलं. आकडे, ती ओळ, आणि माझ्या कामाची यादी. मी मास्तरांची फाइल उघडली, प्रिंटरला कागद लावला, आणि मास्तर म्हणाले की आत्ता नको. आज त्यांच्यासाठी कुणी काम केलेलं चालणार नव्हतं. मी हात जोडले, की मास्तर, हे आत्ता चालू आहे, संध्याकाळी चालू असेल याची हमी ब्रह्मदेव देणार नाही.

"मग बंद करू नकोस," ते म्हणाले.

तेव्हा आम्ही तिघं साडेतीन तास बसलो. मशीन घरघरतंय, आम्ही त्याच्याकडे बघतोय. लाइट जाईल या भीतीनं मी चहाला उठले नाही. सासूबाई दोनदा जाऊन खड्ड्यात पाणी ओतून आल्या. मास्तर सांगत होते ते साहजिकच मला टाइप करता येत नव्हतं, आणि नेमकी तेव्हाच त्यांना आणखी दोन घरं आठवली.

अंधारलं तसे ते अंगणात गेले, तीन तारे मोजले, म्हणजे शब्बाथ सरला, आत आले, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, कुठलं दाबायचं. मी दाखवलं. बटण त्यांनीच दाबलं. प्रिंटर किंचाळायला लागला आणि आळीतली कुत्री त्याच्याबरोबर.

ती दोन घरं मी रविवारी घातली, रविवारीच शेवटची पानं छापली. सोमवारी सकाळी मास्तर गेले. गठ्ठा त्यांनी ट्रंकेत ठेवू दिला नाही. कापडी पिशवीत घालून काखेत धरला.

दोन महिन्यांनी तिकडून जाड पाकीट आलं. मला वाटलं, आभाराचं पत्र. आत माझीच सात पानं होती, लाल शाईनं तपासलेली. चौदाव्या पानावर विहीर चुकीच्या आवारात पडली होती. एकतिसाव्यावर मी एका बाईला सासरच्या गावाऐवजी माहेरी नांदवलं होतं. खाली मुलीच्या अक्षरात मास्तरांचा निरोप: नातवंडं प्रश्न विचारतात, दुरुस्त करून पुन्हा पाठव.

मी चरफडत टेबलापाशी गेले. आधी कीबोर्ड उलटा करून चांगला झटकला, आणि मग बटण दाबलं.