छताकडे बघ

घानातल्या अक्रा शहराच्या बुकोम वस्तीत घरटी एक मुष्टियोद्धा, म्हणून कोरकोई सिस्टरच्या दवाखान्यात सुजलेल्या डोळ्यांची कधी वाण पडली नाही. त्या दिवशी प्रशिक्षक आटा लाम्प्टे आपल्या पंधरा वर्षांच्या शिष्येला, देदेईला, घेऊन आले. सरावात ठोसा बसल्यापासून पोर सारखी ओकत होती.

"डोळा बघा, पांढराशुभ्र! ना लाली, ना सूज. डोक्याला मार लागलाय, गोळी द्या. शनिवारी झुंज आहे."

"देदेई, छताकडे बघ गं."

एक बुबुळ वर गेलं, दुसरं जागीच राहिलं.

आटा हसले. "हनुवटी खाली, नजर समोर. आमची शिकवणच तशी!"

"एकाच डोळ्याला शिकवलंत होय?" सिस्टरने नाडी धरली. ती मंद होती. "डोळ्याच्या खोबणीचं कोवळं हाड तडकून परत मिटलंय, आणि दारात बोट सापडावं तसा त्यात डोळा फिरवणारा स्नायू अडकलाय. म्हणूनच ओकाऱ्या आणि ही मंद नाडी. आजच सोडवायला हवा, नाहीतर डोळा कायमचा असाच राहील."

"सोमवारी नेतो."

"आज!" म्हणत सिस्टर स्वतःच तिला टॅक्सीत घालून मोठ्या इस्पितळात गेली. स्कॅनमध्ये तेच दिसलं आणि संध्याकाळी शस्त्रक्रिया झाली.

महिन्याभराने देदेईने छताकडे पाहिलं. दोन्ही बुबुळं बरोबरीने वर गेली. आटा मात्र हनुवटी खाली घालून उभे होते.