खारबावच्या नवरीचं अप्परलिप

पट्टी ओढली आणि माझ्या हाताला आधी कळलं. वॅक्सची पट्टी नुसते केस घेऊन निघते तेव्हा तिचा एक सुका आवाज होतो. हा आवाज वेगळा होता. पट्टी उलटी करून पाहिली, तर केसांबरोबर कातडीचा पातळ पापुद्रा चिकटून आलेला. प्राचीच्या वरच्या ओठावर, डाव्या बाजूला, बोटाच्या पेराएवढी जागा लालभडक झाली होती आणि चकचकत होती. बघता बघता तिथून पाणी सुटायला लागलं.

बुधवार होता. शनिवारी तिची हळद, रविवारी लग्न.

माझं पार्लर भिवंडीत बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत आहे, पहिल्या मजल्यावर. बावीस वर्षं झाली. मागच्या भिंतीपलीकडे कापडाचे लूम चालतात, त्यामुळे आमच्याकडे सगळेच मोठ्यानं बोलतात. नवीन बाई आली की तिला वाटतं भांडण चाललंय.

प्राची खारबाव गावची. तिला दिलेलं शेजारच्या वळ गावातल्या घरात. तिला घेऊन आली होती सोनल, नवऱ्या मुलाची मोठी बहीण. सोनल माझी आठ वर्षांची कस्टमर. वळच्या निम्म्या बायका तिच्यामुळे माझ्याकडे येतात. "आमच्याकडं नवरीचं पार्लर नणंद करते," असं सांगून ती समोरच्या सोफ्यावर बसून मोबाइल बघत होती.

"काय झालं ओ रेखाताई?" तिनं मान वर न करता विचारलं.

"काही नाही. जरा लाल झालंय."

मी थंड पाण्यात कापूस भिजवून त्या जागेवर ठेवला. प्राचीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तोंडातून हूं नाही की चूं नाही. वेदनेनं कळवळलेली मुलगी ओरडते. ही गप्प होती, म्हणजे हिला काहीतरी माहीत होतं.

आता थोडं धंद्यातलं सांगते. पिंपल्सवर डॉक्टर एक जेल देतात, रेटिनॉइड नावाचं. व्हिटॅमिन ए-च्या घराण्यातलं. रात्री वाटाण्याएवढं घ्यायचं आणि सगळ्या तोंडाला पातळ लावायचं. ते वरची जुनी कातडी लवकर झडायला लावतं, त्यामुळे छिद्रं तुंबत नाहीत आणि पिंपल्स कमी होतात. औषध चांगलं आहे, पण सुरुवातीचे काही आठवडे तोंड सुकतं, सोलतं आणि नाजूक होतं. अशा तोंडावर वॅक्स लावलं की केसांबरोबर कातडीही येते. कोर्सच्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला हे शिकवलं होतं. रेटिनॉइड चालू असेल तर वॅक्स नाही. आधी काही दिवस जेल बंद करायचं, डॉक्टरांना विचारायचं, मग हात लावायचा.

आणि मी विचारलं होतं. वॅक्स लावायच्या आधी, लूमच्या आवाजावर आवाज चढवून, "तोंडाला काही क्रीम, ट्यूब चालू आहे का गं?" प्राचीनं एकदा सोफ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "न्हाय मॅडम, नुसतं बेसन." तिच्या नाकाच्या कडेला बारीक सालं निघत होती, ती मला दिसली होती. मी मनात म्हटलं, बेसनानं सुकलं असेल. त्या दिवशी अजून दोन नवऱ्या यायच्या होत्या. मला घाई होती आणि तिचं उत्तर मला सोयीचं होतं.

मी सोनलला हाक मारली. "खालच्या केमिस्टकडून साधी पेट्रोलियम जेली आण ना पटकन. वासाची नको."

ती जिना उतरल्याचा आवाज आला तशी मी प्राचीच्या कानाशी वाकले. "काय लावतेस? खरं सांग."

तिनं पर्स उघडून लिप बामची छोटी डबी काढली. आत पांढरं जेल होतं. ठाण्याच्या डॉक्टरांनी दिलेली ट्यूब घरी लपवलेली, आणि जेल या डबीत भरलेलं, कुणी पर्स उघडली तरी कळू नये म्हणून. लग्न जवळ आलं तसं ती दिवसातून तीनदा लावत होती.

"अगं, पण सोनललाच सांगायचंस ना, पिंपल्सचं औषध आहे म्हणून!"

"आई बोलली, एक अक्षर काढू नको." ती आता रडायला लागली. "डॉक्टर बोलले व्हते, लग्न हाय तर मूल राहायच्या आधी हे बंद कर, पोटात पोर असताना लावायचं नसतं. आईनं ते ऐकलं. ती बोलली, वळवाल्यांना कळलं तर बोलतील पोरीला पोर न व्हायचं औषध चालू हाय. लगीन मोडंल. मॅडम, तुमचं वॅक्स गरम व्हतं असं सांगा ना."

जिन्यावर सोनलच्या चपला वाजल्या. मला विचार करायला जेमतेम दहा पायऱ्यांचा वेळ मिळाला.

"वॅक्स जरा जास्त गरम होतं, सोनल," मी म्हणाले. "चूक माझी आहे."

सोनलनं प्राचीची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली आणि मग माझ्याकडे बघितलं. "आठ वर्षं मी तुमच्याकडं येते. एवढ्या बायका आणल्या. आणि नवरीलाच भाजली?"

मी खाली मान घालून जेली लावत राहिले. मला वाटलं, बोलून घेईल आणि प्रकरण मिटेल. पण सोनलनं लगेच फोन काढून आईला बातमी दिली आणि फोन ठेवून जराशा नरमाईनं म्हणाली, "आई बोलते, घाबरू नका. भाजल्यावर हळदच चांगली. शनिवारी उष्टी हळद घेऊन मीच येणार हाय, ओठावर चांगली जाड थापते."

उष्टी हळद म्हणजे नवऱ्याला लावून उरलेली हळद. ती त्याच्या घरच्या बायका वाजतगाजत नवरीकडे नेतात आणि तिला लावतात. आधी पाचपन्नास हात लागलेली, तेलात कालवलेली. ती उघड्या मांसावर बसली तर आग होईल ती होईलच, वर पिकायची भीती. आणि ती थापू नका म्हणायला माझ्याकडे कारण काय होतं? माझ्या खोट्यानं ते कारणच घालवलं होतं.

"उद्या स्किनच्या डॉक्टरांना दाखवू," मी म्हणाले. "मी घेऊन जाते."

"मी पण येते," सोनल म्हणाली. "डॉक्टरला सांगू दे ना काय काय चुकलंय तुमचं ते."

संध्याकाळी प्राचीच्या आईचा फोन आला. रडत होती. "मॅडम, तुमच्या पाया पडते. ट्यूबचं नाव काढू नका. दोन महिने झाले पत्रिका वाटून."

मी म्हटलं, "वहिनी, त्या जागेला आता डबीतलं काही लावू देऊ नका. तेवढं तरी बघा." फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही. खरं सांगितलं तर मुलीचं लग्न आणि नाही सांगितलं तर तिचं तोंड. मी कुठल्याही बाजूनं विचार केला तरी तिथेच येत होते.

गुरुवारी सकाळी आम्ही तिघी क्लिनिकमध्ये. माझ्या डोक्यात एकच, डॉक्टर मॅडम पहिलाच प्रश्न विचारणार, कुठली ट्यूब लावतेस, आणि सोनल शेजारच्या खुर्चीत असणार. नंबर आला. आम्ही तिघी उठलो.

डॉक्टर मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "पेशंट कोण? ती आत. बाकीच्या बाहेर."

"मी तिची नणंद हाय," सोनल म्हणाली.

"असू दे. बाहेर."

दार बंद झालं. मी बाकावर बसले आणि त्या बंद दाराकडे बघत राहिले. इतकं सोपं होतं! बावीस वर्षं मी हाच प्रश्न सोफ्यावर बसलेल्या सासू-नणंदांच्या देखत विचारत आले होते, तोही ओरडून. कितीजणींनी मला "नुसतं बेसन" सांगितलं असेल, देव जाणे.

"आत काय बोलत असतील एवढं?" सोनलनं विचारलं. मी म्हटलं, तपासत असतील. तिनं घड्याळ बघितलं. थोड्या वेळानं पुन्हा बघितलं.

दार उघडलं. प्राची बाहेर आली. तिनं माझ्याकडे बघितलंच नाही. सरळ सोनलसमोर उभी राहिली.

"सोनलताई, मॅडमची चूक न्हाय. मी पिंपल्सचं जेल लावत व्हते. डबीत लपवून. म्हणून कातडी निघाली."

मी बाकावरून उठले.

"काल माझ्यासमोर विचारलं त्यांनी," सोनल म्हणाली. "तवा का न्हाय बोललीस?"

"तुमच्यासमोर विचारलं म्हणूनच."

सोनलनं डबी मागितली. डबीवर कसलं नाव असणार! मग जेलचं नाव प्राचीकडूनच विचारून घेतलं, मोबाइलमध्ये टाकलं आणि वाचत राहिली. मी शेजारी उभी होते. स्क्रीनवर प्रेग्नन्सी हा शब्द मला स्पष्ट दिसला. तिनं बोटानं वर सरकवलं, पुन्हा खाली आणलं. मग उठून थेट डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरली. आम्ही दोघी तिच्यामागे.

"ह्याच्यानं पोर व्हत न्हाय?"

डॉक्टर मॅडमनी प्राचीकडे बघितलं. प्राचीनं मान हलवली, सांगा म्हणून.

"तसलं काही नाही," मॅडम म्हणाल्या. "मूल न होण्याचं हे औषध नाही. पोटात मूल असताना लावायचं नाही, बाळाच्या काळजीपोटी. म्हणून आम्ही आधीच बंद करायला सांगतो. आता तर ओठासाठीच बंद केलंय. नुसती पेट्रोलियम जेली लावायची, खपली ओढायची नाही, ऊन टाळायचं. जागा उघडी आहे तोवर त्यावर मेकअप नाही. आणि तोंडाला हळद तर अजिबात नाही."

सोनल आधी केबिनबाहेर पडली. आम्ही जिना उतरलो. प्राची दोन पायऱ्या मागे, पदराचं टोक पिळत. मी मनातल्या मनात वळच्या घराचा फोन, ठरलेली बोलणी, मोडलेला मांडव, सगळं बघून आले.

खाली रिक्षापाशी सोनल थांबली. "मना चार वर्षं पोर नव्हतं," ती म्हणाली. "काय काय ऐकलंय ते मना म्हायती हाय." मग प्राचीकडे वळून, "ह्यातलं आईला काय बोलायचं न्हाय. आई डॉक्टरचं ऐकणार न्हाय, आमच्या आत्याचं ऐकंल. आणि आत्या गावभर सांगंल."

"मग ओठाचं काय सांगणार?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. "तुमी भाजली, ते आईला म्हायतीच हाय. तेच राहू दे. चालंल ना?"

काल मी स्वतःच्या तोंडानं ते सांगून बसले होते. आज नाही कुठून म्हणू? आणि खरं तर ते पूर्ण खोटंही नव्हतं. सालं मला दिसली होती.

"चालेल," मी म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी मी खारबावला मांडवात होते, मेकअपची पेटी घेऊन. डीजे चालू होता. वळच्या बायका उष्टी हळद घेऊन नाचत आल्या, पुढे सोनल, हातात ताट. प्राची पाटावर बसलेली. ओठावरची खपली अजून ओली होती. सोनलनं पायांना लावली, गुडघ्यांना, खांद्यांना, हातांना. कपाळावर एक बोट टेकवलं. मग बाकीच्या बायका पुढे सरसावल्या. पहिली आत्याबाई, दोन्ही तळवे हळदीनं भरलेले, हात थेट गालांकडे. मी पाय उचलला, पण मध्ये चार बायका होत्या. मी पोचले नसते.

सोनलनं आत्याबाईंचं मनगट पकडलं. "तोंडाला न्हाय आत्या! पार्लरवालीनं भाजलंय तिला. डॉक्टरनं नको सांगितलंय."

डीजेवरही ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलली ती. सगळ्या बायकांनी वळून माझ्याकडे बघितलं. आत्याबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि हळद प्राचीच्या दंडाला पुसली. मी पेटी छातीशी धरून उभी होते. शरम वाटत होती, आणि इतकं हायसं वाटत होतं की तिथेच खाली बसावंसं वाटलं.

रविवारी लग्न लागलं. ओठ सोडून बाकी तोंडाचा मेकअप मी केला. फोटोत नथीनं अर्धी खपली झाकलीय, अर्धी दिसते. पुढे तिथे तपकिरी डाग राहिला, तो काही महिन्यांनी फिका पडत गेला. वर्षभरानं प्राची पेढे घेऊन आली. मुलगी झाली. जेल तिनं डॉक्टरांना विचारूनच बंद ठेवलं होतं. पिंपल्स थोडे परत आले होते, त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

मी पार्लरमध्ये प्लायवूडची छोटी केबिन करून घेतली, दाराला कडी. वॅक्सच्या आधी मुलगी एकटी आत येते. आई असो, सासू असो, सोफ्यावर थांबते. सोनलचीही त्यातून सुटका नाही. आत मी हळू आवाजात विचारते, रात्री झोपताना तोंडाला काय लावतेस? काही लावते म्हणाली तर वॅक्स होत नाही. बाहेर बसलेल्यांना हा माझा रुबाब वाटतो.

वळच्या बऱ्याच बायका त्या सीझनला आल्या नाहीत. काही अजूनही येत नाहीत. मधूनच एखादी नवीन येते, जिन्यातच थबकते आणि विचारते, "तुमीच ना त्या, वळची नवरी भाजली व्हती त्या?"

मी हो म्हणते आणि तिला आत बोलावून दाराला कडी घालते.