आक्कांवर चालून जाताना

सूसला राहणाऱ्या नातीचा फोन आला, तेव्हा मी ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होते. तिला शाळेतून अभ्यास दिला होता : ‘हल्ला करणे’ला दुसरे शब्द शोधा आणि वाक्यात उपयोग करा. मोबाईलमध्ये सगळं सापडतं म्हणणारी पोरगी, पण अशा वेळी आजी आठवते.

मी सांगत गेले. घार कोंबडीच्या पिलावर झडप घालते. आग्या मोहोळ उठलं की दिसेल त्याच्यावर तुटून पडतं. वऱ्हाडही जेवणावर तुटूनच पडतं, मोहोळ बरं म्हणायची पाळी. ती हसली. मग म्हणाली, ‘चालून जाणे’चं वाक्य दे. त्याला सैन्य लागत असेल ना गं आज्जी?

सैन्य कशाला? नवं लग्न झालेली एक मूर्ख बाई पुरते.

ती बाई मी. आमचं गाव भरे. थोरल्या जावेचं भातखाचर आणि माझं खाचर यांत एकच बांध. त्या साली चिखलणीला तिच्या नवऱ्यानं बांध कोरून हातभर आमच्या बाजूला सरकवला. मी लुगडं वर खोचलं, हातात विळा घेतला आणि निघाले. वाटेत भाषण पाठ करत होते. माहेरच्या सात पिढ्या, पोलीस, पंच, सगळं त्यात होतं. मी म्हणजे मोठी रणरागिणी. बांधावर चढले, तोंड उघडलं आणि पाय सटकून थेट तिच्या चिखलात बसले. विळा एकीकडे, भाषण दुसरीकडे.

आक्का, म्हणजे माझी ही थोरली जाऊ, वाकून भाताची आवणी करत होत्या, रोपं लावत होत्या. मान वर करून एवढंच म्हणाल्या, “धाकले, बसलीच हायेस तर चार काड्या लाव.”

मी लावल्या. करते काय? त्या दिवशी सावड त्यांच्याकडेच होती. आमच्याकडे रीत अशी की आवणीला एकमेकींच्या शेतात जायचंच. सकाळी जिच्या झिंज्या उपटायला गेलात, दुपारी तिच्याच शेजारी कंबर मोडायची. भांडण भांडणाच्या जागी, सावड सावडीच्या जागी. रागाच्या भरात मी इतकी दाट रोपं लावली, की त्या वर्षी त्यांचा तेवढा तुकडा फुटवाच धरेना. मला वाटलं, सूड घेतला. आक्कांना वाटलं, धाकलीला आवणी येत नाही. गावाला त्यांचंच खरं वाटलं.

पुढं दर साली ते कोरायचे, आम्ही भर घालायचो. मग दोन्ही खाचरं प्लॉटवाल्यानं घेतली, वर मुरूम टाकला. बांध नक्की कुठं होता, हे आता मलाही दाखवता येणार नाही. कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही. भांडायला जागाच उरली नाही.

यंदा दिवाळीच्या सुमारास आक्कांच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, सगळं एकदम. बायका भेटायला आल्या, पदर तोंडाला लावून रडल्या. मी सगळ्यांसाठी चहा केला. साखर बरोबर पडली. दुःखानं ग्रासलं, असं पुस्तकात लिहितात. मला कुणी ग्रासलं नव्हतं. जेवण जात होतं, झोप लागत होती. छातीवर हात ठेवून पाहिलं, तर आत पाटा ठेवल्यासारखं जड आणि गार.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, त्यांनी स्वतः धडपड केली तर काही परत येईल, नाहीतर आहे तेवढंच राहील. पण आक्का भिंतीकडे तोंड करून पडायच्या. घरात सगळे हळू बोलायचे. सून मऊ भात भरवायची आणि डोळे पुसायची.

आज नातीचा फोन ठेवला आणि मी पदर खोचला. विळा घरीच ठेवला, एवढी अक्कल आता आलीय. गल्ली ओलांडून गेले. सुनेनं त्यांना नुकतंच भिंतीला टेकवून सतरंजीवर बसवलं होतं. मी डाव्या बाजूला बसले, पाय त्यांच्या सतरंजीवर पसरला आणि मोठ्यानं म्हणाले, “आक्का, माझा बांध कुणी कोरला? हातभर जिमीन खाल्लीस माझी. आता गप का?”

सून धावत आली. काकी, असं काय बोलताय, म्हणाली. मी तिच्याकडं पाहिलं नाही.

आक्का बराच वेळ माझ्या पायाकडे बघत राहिल्या. मग त्यांचा डावा हात सरकत आला आणि माझा पाय त्यांनी सतरंजीवरून खाली ढकलला. मी परत ठेवला. त्यांनी परत ढकलला, या खेपेला नख लावून. तोंडातून काहीतरी घरघर निघाली. सुनेनं रडता रडता सांगितलं, शिवी होती. मला शब्द कळला नाही, पण चाल ओळखीची होती.

रडू मला तेव्हाही आलं नाही. घरी येऊन उरलेले पावटे सोलले.

संध्याकाळी नातीला वाक्य सांगितलं : धाकटी जाऊ रोज दुपारी थोरल्या जावेवर चालून जाते. टीचरला हे पटणार नाही, म्हणाली. न पटू दे. लिही म्हटलं.

उद्या मी आक्कांच्या उजव्या बाजूला बसणार आहे. पाय तिकडून पसरीन. बघू कोणता हात येतो.