एसरबाईंचं ब्लेड

अख्ख्या कोलोन शहरात वाल्बुर्गा एसरबाईंइतक्या स्वच्छ हाताने स्वरलिपी उतरवणारं कुणी नव्हतं, आणि लोरेन्झ क्युपर यांच्याइतकं गिचमिड लिहिणारा संगीतकारही नव्हता. दोघांचं बावीस वर्षं जमलं. नवरा लढाईवरून परतला नाही तेव्हा बाईंना कुणी दारात उभं करेना. क्युपरांनी पहिल्याच भेटीत चाळीस पानं उतरवायला हातात ठेवली. ते उपकार बाई कधी विसरल्या नाहीत. त्यांचं संगीत आवडायचं म्हणाल, तर तेवढं सोडून बोला.

"चमच्यांचा खण जिन्यावरून घरंगळला ना, की अगदी असंच वाजतं," त्या शेजारणीला सांगत. काम मात्र चोख. शाईचा थेंब सांडला तर ब्लेडने खरवडून कागद पुन्हा गुळगुळीत.

क्युपरांचा नियम सरळ होता: बारा सुरांपैकी एक वाजला की उरलेले अकरा होईपर्यंत तो पुन्हा यायचा नाही. एकोणीसशे एकोणसत्तर सालच्या रचनेत व्हायोला या तंतुवाद्याच्या ओळीत एक सूर चौथ्याच जागी परतला. म्हातारपण, दुसरं काय, असं म्हणत बाईंनी तो खरवडला आणि नियमात बसणारा सूर लिहिला.

तालमीत क्युपरांनी हात वर केला. "व्हायोलाचा सूर कुणी बदलला?"

बाई मागे, मांडीवर कोट घेऊन बसल्या होत्या. आता हे काम गेलं, हे त्यांना कळून चुकलं. तरी उभ्या राहिल्या.

"मी. तुमचा नियम मोडला होता, क्युपरसाहेब."

"मुद्दाम मोडला होता, बाई!"

"मग कोपऱ्यात तसं लिहायचं! मला काय स्वप्न पडतं?"

वादक माना खाली घालून हसले. क्युपर बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"इतक्या वर्षांत लोक शिट्ट्या मारून उठून गेले," ते म्हणाले. "माझा एकेक सूर मोजणारं कुणी आहे, हे मला आज कळलं. बसा. माझा सूर तेवढा परत द्या."

महिन्याने नवी रचना आली. शीर्षकाखाली, अर्पणाच्या जागी, 'वाल्बुर्गा एसर' असं लिहिलेलं. चूकच असणार, असं बाईंना वाटलं. मग कोपऱ्यातली टीप दिसली: 'मुद्दाम. बदलू नका.'

बाईंनी टाक बुडवून ते नाव जसंच्या तसं उतरवलं. डोळ्यांतलं पाणी आडनावावर पडलं, शाई फुटली. ब्लेड शेजारीच होतं. त्यांनी ते उचललं नाही.