विठोजीरावांचं शिकागो

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असं माझी सासू सांगायची. आता सत्तरी आली, गुडघे गेले, नाव घेतल्यानं आणखी काय जायचंय? तर आमचे विठोजीराव. बंगळुरात पीण्या नावाच्या कारखान्यांच्या भागात, एका गिअरच्या कारखान्यात टर्नर म्हणून लागले आणि टर्नर म्हणूनच रिटायर झाले. लेथच्या आवाजानं एक कान मंद झाला, बसच्या धक्क्यांनी कंबर धरली आणि उरलेला माणूस त्यांनी इंग्रजी सिनेमाला दिला. माझ्या वाट्याला काय आलं ते विचारू नका.

शनिवारी कारखाना अर्धा दिवस. बाकीचे कामगार घरी येऊन जेवून झोपायचे, हे तेलकट कपड्यांनिशी कॅन्टोन्मेंटला जायचे. तिथल्या थेटरात इंग्रजी सिनेमे लागायचे. भाषा निम्मी कळायची, निम्मी हे मनानं घालायचे. घरी आले की मी भांडी घासत असायची आणि हे मोरीच्या उंबऱ्यावर बसून अख्खा सिनेमा सांगायचे. मी म्हणायची, "अहो, तेवढी बादली भरा आधी." बादली भरत भरत सांगायचे, पण सांगायचेच.

रिटायर झाल्यावर हा खेळ घरात मावेना. येलहंक्याच्या जुन्या भागात आमच्या समाजाचा हॉल आहे. लग्नं, बारशी, बाराव्याची जेवणं, सगळं तिथंच. आम्ही मराठे लोक इकडे येऊन कित्येक पिढ्या झाल्या. घरात मराठी, दारात कन्नड, आणि इंग्रजीच्या नावानं आनंद. तर ह्यांनी कमिटीला पटवलं की दर रविवारी दुपारी गाजलेला, बक्षीस मिळालेला एकेक हॉलिवूडचा सिनेमा दाखवायचा. आवाज बारीक ठेवायचा आणि पडद्याच्या बाजूला उभं राहून ह्यांनी आपल्या भाषेत सांगायचा. खुर्च्या मांडायला कोण? मी. चुरमुरे करायला कोण? मीच.

सिनेमे निवडून द्यायची आमची सून शलाका. ही पुण्याची. ऑफिस के. आर. पुरमकडे, त्यामुळं तिचं निम्मं आयुष्य ट्रॅफिकमध्ये जातं. पण कुठला सिनेमा बघण्यासारखा आहे हे तिला बरोबर ठाऊक. लॅपटॉपवर घालून द्यायची आणि बजावायची, "बाबा, हा खरंच ग्रेट आहे. प्लीज, जसा आहे तसा सांगा."

जसा आहे तसा! आमच्या लोकांना एक खोड आहे. पडद्यावर माणूस आला की तो कुणाचा कोण, हे आधी कळलं पाहिजे. त्याशिवाय गोष्ट पुढं सरकू देत नाहीत. पहिल्याच रविवारी गुंडो सावकार मागून ओरडला, "अण्णा, हा टोपीवाला हिचा कोण लागतो?" आता तो टोपीवाला तिचा कुणीच नव्हता, रस्त्यात भेटलेला होता. पण कुणीच नाही म्हटल्यावर लोक बेचैन. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. हे म्हणाले, "मामा आहे." झालं, हॉल गार पडला. तेव्हापासून हॉलिवूडमध्ये ह्यांनी जी नाती लावायला सुरुवात केली, ती थांबलीच नाहीत. दुकानदार काका झाला, पोलीस मेहुणा झाला. हिरोनं हिरोईनला जवळ घेतलं की हे घाईघाईनं म्हणायचे, "मामाचीच पोरगी आहे, ठरलंय त्यांचं." आमच्यात मामाची मुलगी करतात, त्यामुळं त्या दोघांनी काय वाटेल ते केलं तरी चालायचं.

शलाका कपाळाला हात लावायची. "अख्ख्या जगानं डोक्यावर घेतलेला सिनेमा, आणि तुम्ही त्यातल्या खुन्याला आत्येभाऊ केलंत?"

हे म्हणायचे, "मग काय, मालनक्कांना सांगू, की देवूच्या गल्लीत खुनी फिरतात म्हणून?"

आता ह्या मालनबाई कोण ते सांगते. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडं राहतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा देवव्रत, तो शिकागोला. पहिल्या रविवारपासून पुढच्या रांगेत, भिंतीकडची खुर्ची त्यांची. त्या दिवशी पडद्यावर एक रस्ता आला, झाडं, लाकडी घरं, आणि मालनबाईंनी पदर सावरत विचारलं, "अण्णा, हे आमच्या देवूचं गाव का हो?" ह्यांनी एकदा त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाले, "होय अक्का, शिकागोच."

पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रश्न. होय अक्का, शिकागोच. त्यानंतर समुद्र आला तरी शिकागो, वाळवंट आलं तरी शिकागो, घोड्यावरचे लोक आले तेव्हा जुनं शिकागो. एकदा तुरुंगाचा सिनेमा होता. सगळे कैदी एकसारख्या कपड्यांत. हे म्हणाले, "आयटीआयची पोरं आहेत, हॉस्टेलमध्ये राहतात." नवरा-बायको कोर्टात भांडत होती, तर म्हणाले, "त्याची बदली झालीय, तिला जायचं नाही, साहेबाला सांगतेय." बक्षीस मिळालेला एक सिनेमा सुखाचा असेल तर शपथ! जितकं मोठं बक्षीस, तितकं जास्त मरण आणि रडणं. ते सगळं गोड करता करता ह्यांच्या नाकी नऊ यायचे. वर मध्येच जवळच्या एअरफोर्स तळाचं विमान डोक्यावरून जायचं. ते जाईपर्यंत तोंड उघडं ठेवून थांबायचं आणि मग पुन्हा सुरू.

गेल्या वर्षापासून ह्यांचा घसा साथ देईना. लोकही कमी झाले. मोबाइलवर आता सगळं डब होऊन मिळतं, ह्यांच्या मामा-काकांना कोण विचारतो? खुर्च्या मांडताना माझी कंबर, उभं राहून ह्यांचे पाय. रविवारी संध्याकाळी दोघंही कॉटवर पाय पसरून छताकडं बघत पडायचो. मी म्हणायची, "बास करा आता. जीव दमला माझा." हे म्हणायचे, "माझा काय कमी दमलाय? पण मालनक्का येतात ना."

आणि एका रविवारी मालनबाई हसतच आल्या. देवव्रतचा फोन आला होता. घर बिल्डरला द्यायचं, सगळं आवरायचं, आणि आईनं कायमचं शिकागोला यायचं. तो स्वतः न्यायला येणार होता.

"मला काही भीती नाही बघ अक्का," त्या मला म्हणाल्या. "देवू आणि सून दिवसभर कामाला जातात, म्हणून काय झालं? अण्णांनी दाखवलंय की सगळं. तिकडं शेजारीपाजारी कुणी ना कुणी नात्यातलं असतंच. मी चटणीपुडी करून नेणार आहे, सगळ्यांना स्वल्प स्वल्प वाटायला."

ह्यांच्या हातातली वायर तशीच राहिली. त्या दिवशीचा सिनेमा कसाबसा सांगितला. मामा सांगताना दोनदा अडखळले.

घरी आल्यावर जेवले नाहीत. "बाई घर विकून चाललीय, सकवार," मला नावानं हाक मारून म्हणाले. "इंग्रजी येत नाही, थंडी सोसत नाही, दिवसभर बंद घरात बसायचं. आणि परत यायला घरच राहणार नाही. कशाच्या जोरावर चाललीय? माझ्या थापांच्या."

"तिचा मुलगा नेतोय, तुम्ही कोण?" मी म्हटलं. रागच आला होता मला. "जगाची काळजी घ्यायला तुम्हीच उरलात काय?"

पण खरं सांगू, मलाही तिचं जाणं पटत नव्हतं. मला वाटायचं, आम्ही बरी माणसं. इथं माया आहे, हाक मारली की ओ देणारं कुणीतरी आहे. तिकडं काय ठेवलंय?

ह्यांनी शलाकाला सांगितलं, "तिकडच्या म्हातारपणावर एखादा चांगला सिनेमा दे. खराखुरा. मी एक शब्द बदलणार नाही." पोरगी बघतच राहिली. तिनं एक शोधून दिला. म्हणाली, "खूप नावाजलाय बाबा, पण बघवत नाही."

रविवार आला. हॉलमध्ये इनमिन पंधरा माणसं, मालनबाई आपल्या जागेवर. पडद्यावर बर्फ, मोठं घर आणि खिडकीशी खुर्चीत बसलेली एक म्हातारी. हे काठीला टेकून उभे राहिले आणि सांगायला लागले. घसा बसलेला, तरी स्पष्ट सांगत होते. "ही एकटी राहते. नवरा वारला. मुलगा लांब आहे."

एक बाई आली, म्हातारीला गोळ्या दिल्या, केस विंचरले. गुंडोनं विचारलं, "ही भाची काय?"

"नाही. पगारी आहे. तासावर येते."

"म्हणजे सख्खी नसेल. पण लांबची तर असेल की!"

"कुणीही नाही, गुंडो."

पोस्टमन आला. लोक विचारायच्या आधीच हे म्हणाले, "हाही कुणी नाही." शेजारीण कुंपणावरून दोन शब्द बोलून गेली, तीही कुणी नाही. हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. दोन बायका उठून गेल्या. गुंडो म्हणाला, "अय्यो, हा कसला सिनेमा? ह्याला बक्षीस कुणी दिलं?" हे थांबले नाहीत. मुलाचा फोन आला, म्हातारी हसून बोलली, फोन ठेवला, पुन्हा खिडकीत बसली. एवढाच सिनेमा. शेवटी बर्फ पडत राहतो आणि ती बसून राहते.

मी दिवे लावले. लोक भराभर निघून गेले. मालनबाई तशाच बसल्या होत्या. हे त्यांच्या समोर खुर्ची ओढून बसले. मला बघवेना. 

"अक्का, हे शिकागो आहे का मला माहीत नाही," हे म्हणाले. "आधीचंही एकही शिकागो नव्हतं. मी कधी गेलोय? ते मामा, काका सगळे मी घातलेले. तिकडं असंच असतं. तुम्ही घर विकू नका."

मालनबाईंनी पदर सावरला. मला वाटलं आता रडतील, नाहीतर ह्यांना चार शब्द सुनावतील, आणि सुनावले तर बरंच होईल. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "सरी, बरं अण्णा. मामा नाहीत म्हणता, तर नसू देत."

मग माझ्याकडं वळल्या. "अक्का, त्या बाईच्या घरी कितीतरी जण आले, बघितलंस?"

"कुठं आले? सगळी परकी."

"परकी असली तरी आली की. पगारी का असेना, तिनं केस विंचरले. पोस्टमननं नाव घेऊन हाक मारली. माझ्या दारी दूधवाला येतो, तो पिशवी कडीला अडकवून जातो. रविवारी इथं येते तेवढंच. सोमवारी बोलायला तोंड उघडलं तर घशातून आवाज निघत नाही माझ्या. शनिवारपर्यंत मी कुणाशी बोलते, सांग."

 दोन गल्ल्या पलीकडं राहते मी.

"देवू दमून येईल, बोलणारही नाही कदाचित," त्या म्हणाल्या. "पण संध्याकाळी दार उघडल्याचा आवाज येईल ना. चपला काढेल, पाणी पिईल. मी आतून ऐकेन. मला तेवढं पुरे, अण्णा. मी जाणार."

ह्यांनी मान खाली घातली. मला त्या क्षणी मालनबाईंचा राग आला, आमचाही आला, आणि इतकं थकल्यासारखं झालं की खुर्च्यासुद्धा उचलाव्याशा वाटेनात. आम्ही काय समजत होतो स्वतःला? बोलताना सगळ्यांना अक्का, अण्णा म्हणायचं, आणि आठवडाभर कुणाला कुणाचा पत्ता नाही.

त्या उठल्या. दारापाशी थांबून म्हणाल्या, "माळ्यावरची मोठी बॅग काढायची आहे. माझ्या हाताला येत नाही. तुम्ही दोघं येता का आत्ता?"

आम्ही गेलो. त्यांच्या मागून, हळूहळू चालत. त्यांनी कुलूप काढलं आणि पाणी आणते म्हणून मागं परसात गेल्या. घरात अंधार पडला होता.

"दिवा लाव गं," हे मला म्हणाले.

मी डाव्या भिंतीवर हात फिरवला, त्यांनी उजव्या. इतक्या वर्षांची ओळख, पण बटण कुठं आहे ते आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं.