चोंदल्या नाकाची हाळी

दुर्बिणीतून नाकाचं ऑपरेशन करायचं ठरलं तेव्हा भूल, रक्त, दुखणं यांची मला फिकीर नव्हती. मला घोर लागला होता म्हशीचा.

आम्ही कोल्हापुरातले गवळी. दिवाळीच्या पाडव्याला इथं म्हशी नटवून रस्त्यावर आणतात. शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांची माळ घालायची आणि मालकानं मोटरसायकलवरून पुढं जात हाळी द्यायची. दावं नाही, काठी नाही. म्हैस नुसत्या हाळीवर मागं पळत आली पाहिजे. नाही आली, तर वर्षभर पेठेत तोंड दाखवायची सोय नाही.

आणि माझी हाळी म्हणजे सगळा नाकाचाच कारभार. कित्येक वर्षं सायनसनं नाक चोंदलेलं, त्यामुळं आवाज मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखा. म्हैस रेडकू होती तेव्हापासून तोच ऐकत वाढलेली. डॉक्टरांना विचारलं.

"घशाला आपण हातही लावणार नाही," ते म्हणाले. "पण नाकाभोवतीच्या पोकळ्या मोकळ्या झाल्या की आवाज वेगळा घुमतो. काही दिवस तुमचा आवाज तुम्हालाच परका वाटेल."

"आणि म्हशीला?"

ते हसले. मला काही हसू आलं नाही.

ऑपरेशननंतर महिनाभर गोठ्यात पाऊल टाकायचं नाही, असा डॉक्टरांचा दम मिळाला. धार बायको काढू लागली. मी घरात मिठाच्या पाण्यानं नाक धूत बसायचो. हळूहळू खपल्या गेल्या, श्वास मोकळा झाला, आमटीचा वास यायला लागला आणि माझ्या तोंडून भलताच माणूस बोलायला लागला. खणखणीत, पण माझा नव्हे. फोनवर सख्ख्या बहिणीनं "कोण बोलतंय?" म्हणून विचारलं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

रोज संध्याकाळी बायकोला विचारायचो, "पान्हा सोडतीया का?"

"सोडतीया की. झ्याक सोडतीया."

दूध घरात येत होतं, तरी मला वाईटच वाटायचं. माझ्यावाचून म्हशीचं काही अडत नव्हतं.

महिना संपला तो पाडव्याच्या आदल्या दिवशी. गोठ्यात जाऊन हाळी दिली. म्हशीनं माझ्याकडं पाहिलं आणि रवंथ करत राहिली. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

पाडव्याला गाडी काढली, हाळी दिली. म्हैस जागची हलली नाही. पुन्हा दिली.

"म्हस कुणाची म्हनायची ही?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

तिसऱ्या हाळीला आवाज चिरकला.

तेवढ्यात मागून माझी हाळी आली. तीच जुनी, चोंदलेली. म्हशीनं कान टवकारले, गर्रकन वळली आणि पळत सुटली. जाऊन थांबली ती माझ्या बायकोपाशी. बायको पदरानं नाक दाबून उभी होती. लोक पोट धरून हसत होते.

"महिनाभर असंच बोलून धार काढतोय," ती खाली मान घालून म्हणाली. "तुमच्या आवाजाबिगर पान्हाच सोडंना."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"आधीच घाबरल्याला तुमी. त्यात आनि कशाला?"

"बस मागं," मी म्हणालो.

ती बसली, नाक दाबलं आणि हाळी दिली. सगळ्या पेठेतून म्हैस माझ्या जुन्या आवाजामागं पळत आली, आणि मला समोरचा रस्ता नीट दिसत नव्हता.